खाटेची बदली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खाट उचलणं. तेही अर्धंच झालं.

खाट माझी. लोखंडी, जड. तुळजा, माझी बायको, स्वतः खाली लव्हाळ्याच्या चटईवर झोपायची, खाटेवर पाठ दुखते म्हणायची. खाट मागच्या खोलीत होती. त्या दिवशी सकाळची कापी, म्हणजे कॉफी, झाली आणि ती स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. अंगठा ओल्या पिठानं पांढरा. "ठिपके दिलेत. चला, उचला." मी म्हटलं, गुडघा दुखतोय, प्रताप रविवारी येईल तेव्हा बघू. प्रताप आमचा मुलगा, तिरुचीला असतो. ती म्हणाली, "रविवारवर अस्कं टाकलं तर रविवार मोडून पडेल." अस्कं म्हणजे सगळं. आम्ही तंजावरचे मराठी लोक असंच म्हणतो.

मी डोक्याकडची बाजू धरून पाठमोरा निघालो, ती पायथ्याकडून. म्हणजे कुठे जायचंय ते तिला दिसत होतं, मला फक्त ती दिसत होती. दारातून खाट तिरकी करून पुढच्या खोलीत काढली आणि ती म्हणाली, "टेकवा. जरा बसते." ती कधी जरा बसत नसे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पाणी आणायला आत गेलो. तांब्या भरून आलो तर ती खाटेवर कुशीला कलंडली होती. पदर जागच्या जागी. अंगठा तसाच पांढरा. पलटणीत मी मेलेली माणसं पाहिली आहेत. दुसरी हाक मारायची गरज नव्हती. तरी मारत राहिलो.

मी पाचवी शिकलेला माणूस. देवनागरी पलटणीत हिंदी शिकवताना गळ्यात बांधली, म्हणून हे लिहिता येतंय. आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आहेत, पण मराठी वाचणारं म्हातारं एखादंच. बसवत नाही म्हणून लिहितोय. लिहायला बसलं तरी उठावंसं वाटतं. उठून विहिरीपर्यंत जातो, परत येतो. तिथे काही काम नसतं.

तुळजा पापनाशमजवळच्या खेड्यातली. भाताची शेतं, कालवा, मोठं घर नव्हे. लग्न झालं तेव्हा तिला मराठी येत होती, तमिळ येत होती, हिंदीचा शब्द येत नव्हता. थंडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी तिला थेट उत्तरेच्या छावणीत नेलं. ट्रंकेत तिनं बाकी काय घेतलं होतं आठवत नाही, पण तांदळाच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आगगाडीत लोकांना वाटलं, आत दागिने आहेत.

पहिल्याच सकाळी उठून क्वार्टरच्या दारात सडा घातला आणि कोलम काढला. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, पण इथे ती तांदळाच्या पिठाची काढतात. तिच्या आईनं सांगितलेलं, दगडाची भुकटी वापरायची नाही, मुंग्यांच्या तोंडी काहीतरी पडलं पाहिजे. शेजारी एक पंजाबी जवानाचं कुटुंब होतं, त्याची म्हातारी आईही होती. तिच्या नातवाला त्याच आठवड्यात ताप आला. म्हातारीला वाटलं, ही काळी मद्रासीण दारात जादूटोणा करते. पायानं कोलम पुसून वर पाणी ओतलं. मी भांडायला निघालो. तुळजानं मला आत ढकललं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा काढला. मग म्हातारीचा हात धरून तिला दारात उकिडवं बसवलं. हिंदीतले दोनच शब्द तुळजाला तोवर येत होते, त्यातला एक खाना. बोटानं दाखवलं. पिठाचे कण घेऊन मुंग्या रांगेनं भिंतीकडे चालल्या होत्या. दोघी बराच वेळ बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारी वाटीभर कणीक घेऊन आली आणि म्हणाली, "इथल्या मुंग्यांना गहू लागतो, बेटी." तुळजानं गव्हाच्या पिठाचाही कोलम काढून पाहिला. नीट उमटला नाही. पण म्हातारी रोज सकाळी येऊन बसायला लागली.

लष्करी बाईचं आयुष्य म्हणजे सामान बांधणं आणि सोडणं. एका जागी सुंठ-मिरीचे डबे जरा ओळखीचे झाले की बदलीचा हुकूम यायचा. बाकीच्या बाया रडायच्या, ही कंबर कसायची. नव्या ठिकाणी ट्रक पोचायच्या आधी ती रिकाम्या क्वार्टरमधे एकटी शिरायची. हातात ओल्या पिठाची वाटी. सगळ्या खोल्यांतून फिरायची, उभी राहायची, खिडकी उघडून बघायची, बाहेर कोण राहतं ते बघायची. मग खाली बसून अंगठ्यानं जमिनीवर ठिपके द्यायची. चार ठिपके म्हणजे खाट. तीन म्हणजे तिवई. पाण्याच्या मडक्याला एक. ट्रक आला की जवानांनी सामान उतरवून ठिपक्यांवर पाय टेकवायचे. विचारायचं नाही. जवान तिला मागून क्वार्टरमास्टर म्हणायचे. तिनं एकदा ऐकलं, तेव्हा त्यांना जास्तीचा लाडू मिळाला.

मी एकदा विचारलं, खाट इथेच का? ती म्हणाली, "तुम्ही जवानांना हुकूम देता की समजावता?" त्यानंतर मी विचारणं सोडलं.

खरी गंमत पुढे झाली. मी हवालदार म्हणून सुटलो, तंजावरला आलो, वडिलांचं हे छोटं कौलारू घर दुरुस्त केलं. मला वाटलं, आता मेल्यावरच हलायचं. पण तिच्यात बदली शिरली होती, ती निघेना. सरकार बदली करत नाही तर तीच करायची. एके दिवशी बाजारातून आलो तर देव स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, धान्याचे डबे मागच्या पडवीत, आणि मडकं सापडेना. "मडकं कुठे गेलं?" तर म्हणते, "त्याची बदली झाली." मी तहानलेला, ही हसते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हवालदारीण डोक्यानं जरा हललेली आहे. माझं तोंड तसंच, मी सांगून टाकायचो, डोकं ठीक आहे, घर हललंय.

त्यामागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं, तेही तिच्याकडून नाही. मी सीमेवर होतो, काही दिवस कोणाचीच खबर नव्हती. छावणीत अफवा आली की आमची तुकडी शत्रूच्या तावडीत सापडली. सगळ्या बायका सुभेदाराच्या घरी जमून रडत बसल्या. तुळजा गेली नाही. तिनं घरातलं सगळं सामान हलवलं. ट्रंका, खाट, चूल, अस्कं. पुढची खोली मोकळी करून तिथे एकुलती एक खुर्ची ठेवली आणि शेजारी पाण्याचं मडकं. सुभेदारीण चिडून विचारायला आली, हे काय चाललंय? तुळजा म्हणाली, "निरोप सांगायला जो येईल तो उन्हातून येईल. त्याला बसायला नको?" सुभेदारीणबाईनं मला हे कितीतरी वर्षांनी एका लग्नात सांगितलं आणि तिथेच रडली. मी रजेवर आलो तेव्हा त्या खुर्चीवर मीच बसलो होतो. मला वाटलं, खुर्ची माझ्यासाठी आहे.

लग्नात हे ऐकलं तेव्हापासून मी ध्यानात ठेवायला लागलो. प्रताप परदेशी कामाला गेला तेव्हा घर हललं. सून बाळंतपणात अडली तेव्हा हललं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तर तिनं न्हाणीघराचं दारसुद्धा उलट्या बाजूनं बसवून घेतलं. काळजी तोंडानं बोलायची नाही. सामानावर काढायची. सामान कुठे गेलं ते पाहिलं की काळजी कसली ते समजायचं.

नात यमुना तिरुचीतच कॉलेजच्या हॉस्टेलात राहते, घरून येणंजाणं लांब पडतं म्हणून. मराठी समजते, उत्तर तमिळमधे देते. मला ताता म्हणते, तिला आजी. पहिल्या वर्षी फोनवर पोरीचा आवाज बारीक झाला होता. विचारलं तर म्हणायची, काही नाही. एका सकाळी तुळजा म्हणाली, "हॉस्टेल बघून येऊ." बसनं गेलो. मला फाटकाशीच बसवलं, पुरुषांना आत सोडत नाहीत. तास झाला तरी बाई बाहेर येईना. आतून लोखंड घासल्याचे आवाज. तिनं त्या खोलीतल्या मुलींच्या खाटा हलवल्या होत्या, मुलींनाच कामाला लावून. वॉर्डनबाई धावत आल्या, म्हणाल्या, हे नियमाबाहेर आहे, सगळं होतं तसं करा. मुलीच म्हणाल्या, नको, आता पंखा सगळ्यांना लागतो. परत येताना बसमधे मी विचारलं, पंख्यासाठी एवढा प्रवास? ती खिडकीबाहेर भातशेतं बघत म्हणाली, "पोरीची खाट दाराआड होती. भिंतीकडे तोंड करून निजायची. आता डोळे उघडले की समोर दुसऱ्या पोरीचं तोंड दिसेल." ती दुसरी पोर आता यमुनाबरोबर आमच्याकडे सुट्टीला येते आणि माझ्या वाटणीचं आंबट वरण संपवते.

अशी ती बाई. आता त्या दिवसाचं सांगतो.

सरोजा पहिली आली. आमच्या बाजूच्या बोळापलीकडे तिचं घर, तिचं स्वयंपाकघर आमच्या भिंतीला तोंड करून. तमिळ बाई, मला अण्णा म्हणते, तुळजाला अक्का. मग गल्ली आली. पुरुषांनी खाट उचलून बाहेर ओसरीवर उभी केली आणि तुळजाला खाली निजवलं. दुपारपर्यंत प्रताप, सून, यमुना पोचली. बायकांनी तिला पिवळं लुगडं नेसवलं, हळदीकुंकू, मोगरा. म्हणत होत्या, भाग्याची, कुंकवानं गेली. मला ते ऐकवेना. तिचं भाग्य ठीक आहे, माझं काय? मी बोललोही तसं.

वडवार नदीच्या काठी सगळं करून उन्हं उतरताना घरी आलो. घर धुतलेलं होतं. माणूस घरातून नेलं की मागे राहिलेल्या बायका सगळं घर पाण्यानं धुतात, कोपरान्‌कोपरा, ही रीतच आहे. माझी आई गेली तेव्हा तुळजानं हेच घर एकटीनं धुतलं होतं. जमीन ओली, लाल, चकचकीत. मी पाय धुऊन उंबऱ्यात उभा राहिलो आणि मला एकदम खाट आठवली. ती ओसरीवर भिंतीला टेकून उभी होती. आत न्यायची म्हटलं तर कुठे? ठिपक्यांवर. आणि ठिपके कुठे?

नव्हते. एकही नाही.

मी ओरडलो असेन, कारण सगळे धावले. प्रताप म्हणाला, "अप्पा, खाट होती तिथेच मागच्या खोलीत ठेवू." मी म्हटलं, तिथून तिची बदली झाली आहे. तो म्हणाला, "मग कुठेही ठेवू. नाहीतरी तुम्ही आता आमच्याकडे येणार. इथे एकटे कसे राहाल? खाट कोणाला तरी देऊन टाकू." पोरगा वाईट नाही. पण मी त्याच्यावर हात उगारला. पन्नाशीच्या मुलावर.

त्याला कसं सांगू? तिला या वेळी काळजी कसली होती ते त्या चार ठिपक्यांत होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं. घरात आजारी कोणी नव्हतं, परीक्षा नव्हती, बाळंतपण नव्हतं. मग घर का हललं? ठिपके तिनं मी कापी पीत असताना दिले. खाट नेताना माझी पाठ होती तिकडे. पुढच्या खोलीत दोन खिडक्या, तीन दारं, देवांचा कोनाडा. कुठेही असू शकत होते.

सरोजाला विचारलं. ती पदर तोंडात धरून म्हणाली, "अण्णा, डोळ्यात पाणी होतं. मी जमीन कुठे बघितली? झाडू मारत सुटले." सुनेला विचारलं. घर धुणाऱ्या बाकीच्या बायकांच्या घरी जाऊन विचारलं, सुतकातला माणूस दारात आला म्हणून त्या दचकल्या. एकीनं सांगितलं, काहीतरी पांढरं होतं, पण कुठे ते नक्की नाही. यमुना माझ्यामागून चालत होती. ती म्हणाली, "ताता, आजी भिंतीकडे तोंड करून खाट कधीच लावायची नाही." तेवढंच काय ते कामाचं मिळालं. मी कोरड्या जमिनीवर, ओल्या जमिनीवर, गुडघे टेकून, हात फिरवत शोधलं. प्रताप दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, बाप गेला हातातून. मग अंधार पडला. पुढचं लिहीत नाही.

सकाळी लवकर उजाडलं असं वाटलं. दारात सडा नव्हता, कोलम नव्हता, सुतकात काढत नाहीत. मी पुढच्या खोलीत आलो. पूर्वेच्या दारातून ऊन जमिनीवर आडवं पडलं होतं. आमची जमीन जुनी, लाल सिमेंटची, बारीक तडे गेलेली. बाजूच्या खिडकीखालून एक काळी रेघ निघाली होती आणि उंबऱ्याकडे चालली होती. हलत होती.

मुंग्या.

मी खाली बसलो. गुडघा काय म्हणाला ते ऐकलं नाही. वरचं पीठ धुऊन गेलं होतं, पण तिचा अंगठा जिथे दाबला गेला तिथल्या तड्यात ओलं पीठ उतरून बसलं होतं. मुंग्या ते कण कण काढून नेत होत्या. भिंतीपासून हातभर सोडून एक जागा. तिच्याच रेषेत पलीकडे दुसरी. मी खांद्यावरचा पंचा दोन जागांवर ताणून धरला, गाठ मारली आणि ओसरीवर जाऊन खाटेच्या दोन पायांना लावून पाहिला. बरोब्बर रुंदी. बाकीचे दोन ठिपके सापडले नाहीत, पण ते आता पळून कुठे जाणार?

प्रताप धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर, नेसून आला. म्हणाला, "अप्पा, अस्थी गोळा करायला जायचंय. गुरुजी बाहेर थांबलेत."

"थांबू दे. मुंग्यांचं अजून व्हायचंय."

त्यानं यमुनाकडे पाहिलं. यमुना माझ्याशेजारी उकिडवी बसली, तिची आजी छावणीच्या दारात बसायची तशी. आम्ही बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. कालपासून मी पहिल्यांदा एका जागी बसलो होतो. शेवटची मुंगी उंबऱ्यापलीकडे गेली तेव्हा यमुना उठली, ओसरीवर जाऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "ताता, उचला." मराठीत म्हणाली.

मी पाठमोरा, ती समोरून. "डावीकडे. अजून. टेकवा."

मी खाटेवर बसलो. पाय खाली सोडले. हात टेकायला भिंत होती, मागच्या खोलीत खाटेजवळ ती नव्हती. समोर खिडकी, बोळाकडची. ती आम्ही कधी उघडत नव्हतो, सरोजाच्या फोडणीचा धूर येतो म्हणून. बिजागरीला नवं तेल लागलेलं दिसलं. ढकलली तर आवाज न करता उघडली. पलीकडे सरोजाची खिडकी सताड उघडी. ती शेगडीपाशी उभी होती, एवढी जवळ की भांड्यातलं दूध वर येताना मला दिसलं. मी खाकरलो तरी तिला ऐकू गेलं असतं.

खाकरायची गरज पडली नाही. तिनंच वर पाहिलं, आणि मला तिथे बसलेलं बघून तिचा हात थांबला.

"अक्का मला म्हणाली होती, ही खिडकी आता लावत जाऊ नकोस म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, वाऱ्यासाठी असेल."

दूध उतू गेलं. तिनं शेगडी बंद केली, डोळे पुसले.

"अण्णा, कापी देऊ?"

प्रताप माझ्यामागे उभा होता. मी त्याला म्हटलं, गुरुजींना सांग आलोच, आणि तिरुचीला मी येत नाही. मग खिडकीतून हात बाहेर काढला. पेला पोचला.